स्केटिंग प्रोग्रॅमचं संगीत कसं निवडावं आणि कसं कापावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी ज्युनियर गटात पहिल्यांदाच फिगर स्केटिंगचा स्वतःचा शॉर्ट प्रोग्रॅम (स्पर्धेतली छोटी फेरी) आणि फ्री स्केट (मोठी फेरी) बसवते आहे. तिला एक गाजलेलं गाणं हवंय. कोच म्हणतात, ते बर्फावर चालणार नाही. कोचनी सुचवलेली जुनी रचना तिला कंटाळवाणी वाटते. मग संगीत निवडायचं कशाच्या आधारावर, आणि निवडल्यावर ते नेमक्या वेळेत बसवायचं कसं?

आवड हवीच. हे संगीत ती हंगामभर रोज, एकेका सरावात चार-पाच वेळा ऐकणार आहे. मनातून नकोसं असलेलं संगीत तिसऱ्या महिन्यात अंगावर येतं आणि ते जजना दिसतं. पण आवड ही फक्त पहिली चाळणी. निर्णय घ्यायचा तो संगीताच्या बांधणीवर: ते कुठे चढतं, कुठे मोकळं होतं, कुठे थांबतं, आणि या जागा प्रोग्रॅममधल्या जंप, स्पिन आणि स्टेप्सच्या जागांशी जुळतात का. सुंदर चाल असूनही बांधणी सपाट असलेली गाणी बर्फावर फसतात. साधी चाल पण ठळक चढ-उतार असलेली रचना बहुतेक वेळा तरून जाते.

घड्याळ आधी, गाणं नंतर

आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनच्या, म्हणजे आयएसयूच्या, नियमांनुसार एकेरी आणि जोडीचा शॉर्ट प्रोग्रॅम २ मिनिटं ४० सेकंदांचा असतो, १० सेकंद कमी-जास्त चालतात. फ्री स्केट सीनियरला ४ मिनिटं आणि ज्युनियरला साडेतीन मिनिटं, तिथेही १० सेकंदांची सूट. सीनियर पुरुष आणि जोड्यांचा फ्री स्केट पूर्वी साडेचार मिनिटांचा होता, तो २०१८-१९ च्या हंगामापासून चारवर आला. त्यामुळे जुन्या व्हिडिओंवरून मांडणी उचलत असाल तर हे लक्षात ठेवा. ज्युनियरच्या खालच्या गटांच्या वेळा वेगळ्या असतात. त्या आपल्या संघटनेच्या चालू हंगामाच्या परिपत्रकातूनच घ्याव्यात.

घड्याळ सुरू होतं ते स्केटर हलली की, आणि थांबतं ती पूर्ण थांबली की. संगीताची लांबी कुणी मोजत नाही. वेळ कमी पडो वा जास्त होवो, दर ५ सेकंदांमागे (किंवा त्याच्या भागामागे) एक गुण कापला जातो. म्हणूनच २:४९ चं संगीत घेऊन जाणं धोक्याचं आहे. शेवटच्या स्पिनमधून बाहेर यायला दोन सेकंद उशीर झाला की २:५१ होतात आणि एक गुण गेला. शॉर्टसाठी २:४२ ते २:४६ आणि ज्युनियर फ्रीसाठी ३:३० ते ३:३५ असं संगीत ठेवलं की दोन्ही बाजूंना हात-पाय हलवायला जागा राहते.

हे घड्याळ किती महत्त्वाचं असतं, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९८४ चं साराएव्हो ऑलिंपिक. ब्रिटनच्या जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन यांनी आइस डान्ससाठी, म्हणजे जोडीने बर्फावर करायच्या नाचासाठी, राव्हेलचं ‘बोलेरो’ घेतलं होतं. मूळ रचना सुमारे पंधरा मिनिटांची, आणि तिचा सगळा जीव एकाच गोष्टीत: एकच ठेका, एकच चाल, आणि हळूहळू वाढत जाणारा आवाज. ही चढण तोडून मधला तुकडा उचलला तर हातात काहीच राहत नाही. त्यांची संक्षिप्त आवृत्ती ४:२८ च्या खाली उतरेना, आणि मर्यादा होती ४:१०. तेव्हाच्या नियमात वेळ मोजायला सुरुवात व्हायची ती ब्लेड बर्फावर टेकून स्केटिंग सुरू झाल्यावर. म्हणून दोघं गुडघ्यांवर बसून सुरुवात करतात आणि पहिले अठरा सेकंद फक्त वरचं शरीर हलवतात. त्या संध्याकाळी कलात्मकतेसाठी नऊही जजनी ६.० हे तेव्हाचे सर्वोच्च गुण दिले. आजच्या नियमात हलायला लागताच घड्याळ सुरू होतं, त्यामुळे ती वाट बंद आहे. पण त्यातला धडा आजही तसाच लागू आहे. ज्या रचनेची ताकद लांब चढणीत आहे ती छोट्या वेळेत बसवण्याआधी विचार करा, की चढण शाबूत ठेवून ती कापता येईल का? येणार नसेल तर ती रचना कितीही आवडो, सोडून द्या.

आणखी एक नियम संगीतावर थेट परिणाम करतो. शॉर्टमध्ये दुसऱ्या अर्ध्या भागात केलेल्या शेवटच्या एका जंपला, आणि फ्रीमध्ये दुसऱ्या अर्ध्यातल्या शेवटच्या तीन जंपना मूळ गुणांवर १० टक्के जादा मिळतात. शॉर्टमध्ये दुसरा अर्धा भाग १:२० ला सुरू होतो. डबल ॲक्सल या अडीच फेऱ्यांच्या जंपचे मूळ गुण ३.३०, तो १:१८ ला घेतला तर ३.३० आणि १:२४ ला घेतला तर ३.६३. म्हणजे १:२० च्या आसपास संगीतात नवा परिच्छेद सुरू झाला, तर तो जंप नैसर्गिकपणे तिथे पडतो. हा आकडा डोळ्यासमोर ठेवूनच गाणी ऐका.

बांधणी ऐकायची म्हणजे काय करायचं

कागदावर आधी प्रोग्रॅमचा सांगाडा मांडा, संगीत नंतर. शॉर्टमध्ये तीन जंप, तीन स्पिन आणि एक स्टेप सिक्वेन्स (पायांच्या कामाचा सलग भाग), असे सात एलिमेंट असतात. २:४४ च्या संगीतावर एक चालणारा सांगाडा असा: पहिले सहा-सात सेकंद सुरुवातीची मुद्रा आणि हालचाल, ०:२० च्या सुमारास कॉम्बिनेशन जंप (लागोपाठ दोन उड्या), ०:३८ ला दुसरा जंप, ०:४२ ते ०:५६ उडी घेऊन केलेला स्पिन, पुढे वीस-पंचवीस सेकंद जोडहालचाली, १:२४ ला तिसरा जंप, १:३० ते १:४३ दुसरा स्पिन, १:४५ ते २:१८ स्टेप सिक्वेन्स, आणि २:२८ पासून शेवटचा कॉम्बिनेशन स्पिन (मुद्रा बदलत केलेला), तो २:४२ ला संपून थेट शेवटची मुद्रा. आता गाणं लावा आणि घड्याळ बघत ऐका. ०:४० च्या सुमारास काही वळण येतं का? १:२० ला? १:४५ ते २:१८ या पट्ट्यात स्पष्ट ठेका आहे का? शेवटच्या पंधरा सेकंदांत संगीत चढतं, की विरून जातं? चारपैकी तीन उत्तरं ‘हो’ असतील तर गाणं पुढच्या फेरीत घ्या. कापून जागा हलवता येतात, पण सगळ्याच नाही.

लांबीचा अंदाज मात्रांमध्ये घ्यायची सवय लावा. पूर्ण आकाराची रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते. चांगल्या वेगातला स्केटर एक लांबी आठ ते दहा सेकंदांत कापतो, आणि एका जंपची तयारी, उडी आणि बाहेर पडणं साधारण तेवढ्याच वेळात होतं. मिनिटाला १२० ठोके असलेल्या लयीत आठ सेकंद म्हणजे १६ मात्रा, म्हणजे आठ-आठच्या दोन ओळी. ६० च्या संथ लयीत तेच आठ सेकंद म्हणजे आठ मात्रांची एक ओळ. संगीताची वाक्यं अशी आठ सेकंदांच्या आसपास पूर्ण होत असतील तर कोरिओग्राफरचं काम निम्मं सोपं होतं. चार सेकंदांची तुकड्या-तुकड्यांची वाक्यं असतील तर दर जंपच्या मध्येच एक वाक्य संपतं आणि प्रोग्रॅम धावाधाव केल्यासारखा दिसतो.

फ्री स्केटमध्ये श्वासाचा हिशेब येतो. २०२५-२६ पर्यंतच्या नियमांत एकेरीत सात जंप, तीन स्पिन, आणि त्याशिवाय स्टेप्सचे सिक्वेन्स, असा भरणा असतो. सगळं संगीत एकाच जोमाचं असेल तर तिसऱ्या मिनिटाला पाय जड होतात आणि संगीत मात्र तसंच धावत राहतं. ही दरी प्रेक्षकालाही दिसते. जलद, संथ, पुन्हा जलद ही जुनी मांडणी अजून टिकली आहे ती या कारणामुळे. संथ भाग ज्युनियर फ्रीमध्ये साधारण १:२५ ते २:०० या पट्ट्यात आला तर बरा. त्यापूर्वी जंपचा पहिला घास संपलेला असतो, आणि शेवटचे तीन जंप पुढे उरतात. संथ भागात उभं राहून दम खायचा नसतो. तिथे ब्लेडच्या कडेवरच्या लांब वळणदार रेषा, स्पायरल (एक पाय मागे उंच धरून घसरणं), हातांचं काम दिसायला हवं. म्हणून त्या भागातली चाल गाता येण्यासारखी असावी, नुसते ताणलेले सूर नकोत.

स्टेप सिक्वेन्सचा भाग वेगळ्याने तपासा. सिक्वेन्सभर संगीतात चिकटून राहायला काहीतरी हवं: ताल, नाहीतर स्पष्ट पुनरावृत्ती. पूर्ण मुक्त लयीच्या, रुबाटो वाजवलेल्या पियानोवर पायांचं काम करता येतं, पण ते अनुभवी स्केटरांनी करावं. पहिल्या हंगामात नको.

हे बारकावे गुणपत्रिकेत दिसतात. प्रत्येक एलिमेंटला −५ ते +५ गुणवत्तेचे गुण देताना ‘एलिमेंट संगीताशी जुळतं’ हा एक निकष आहे. पूर्ण प्रोग्रॅमला ज्या घटकांवर गुण देतात ते २०२२-२३ पासून तीन झाले आहेत. त्यातल्या कॉम्पोझिशनमध्ये नृत्यरचनेतून संगीताची वाक्यं आणि रूप दिसतं का हे पाहतात, आणि प्रेझेंटेशनमध्ये संगीताची जाण, अचूक वेळ आणि जोमातला फरक पाहतात. सपाट संगीतावर जोमातला फरक दाखवणार कुठून?

हीच अडचण बऱ्याच गाजलेल्या गाण्यांची असते. रेडिओसाठी तयार केलेलं गाणं पहिल्या दहा सेकंदांत पूर्ण आवाजाला पोहोचतं आणि तिथेच राहतं. कडवं आणि ध्रुवपद यात शब्द बदलतात, जोम बदलत नाही. तुमच्या मुलीला हवं असलेलं गाणं असं असेल तर त्याची दुसरी आवृत्ती शोधा: एकट्या पियानोवर किंवा चेलोवर वाजवलेली, वाद्यवृंदाने सजवलेली, किंवा थेट कार्यक्रमात गायलेली. पुष्कळदा चाल तीच राहते आणि हवी ती चढण मिळते. कोच आणि मुलगी यांच्यातला वाद असाच मिटतो.

संगीत स्केटरला शोभतं का

यासाठी एक खात्रीची चाचणी आहे. स्केटरच्या एका पूर्ण सरावाचा व्हिडिओ घ्या, त्याचा आवाज बंद करा, आणि त्यावर चार-पाच वेगवेगळी संगीतं लावून पाहा. हालचाली कोणत्याच संगीतासाठी बसवलेल्या नाहीत, तरी एखाद्या संगीतावर तीच स्केटर जलद आणि मोकळी दिसते, दुसऱ्यावर संथ आणि अपुरी. मोठा वाद्यवृंद, ढोल आणि तुताऱ्या लहान चणीच्या, अजून वेग कमी असलेल्या मुलीवर लादल्या की तिचा वेग आहे त्याहून कमी वाटतो. उलट ताकदीच्या, लांब पल्ल्याच्या स्केटरला नाजूक, तुटक संगीत दिलं की तिची ताकद वाया जाते. ही चाचणी घरी बसून एका संध्याकाळी होते आणि महिनाभराची चूक वाचवते.

दुसरी चाचणी बर्फावर. निवडलेले दोन-तीन तुकडे रिंकच्या स्पीकरवर लावा आणि मुलीला काहीही न सांगता तीन मिनिटं मनाप्रमाणे स्केटिंग करू द्या. ज्या संगीतावर ती आपोआप लांब ढकलते आणि खांदे सोडते, त्याकडे लक्ष द्या. तोंडाने ती काय सांगते त्यापेक्षा हे जास्त खरं असतं.

जंपच्या जागेबद्दल एक सूचना, कारण इथे सर्वांत जास्त हौस केली जाते आणि सर्वांत जास्त नुकसान होतं. शांततेत एकच मोठा आघात, झांजेचा किंवा ढोलाचा, आणि त्यावर नेमका जंप उतरवायचा, ही कल्पना कागदावर फार देखणी वाटते. पण ट्रिपल जंप हवेत जेमतेम अर्ध्या-पाऊण सेकंदाचा असतो, आणि दमलेली स्केटर तिथे सहज एक ठोका मागे पडते. आघात आधी वाजून जातो, ती नंतर उतरते, आणि जंप स्वच्छ असूनही सगळ्या सभागृहाला चूक ऐकू येते. पडली तर विचारूच नका. उतरणं हे नव्या वाक्याच्या सुरुवातीवर, रुंद सुरावर ठेवा, जिथे सेकंदभर पुढे-मागे झालं तरी चालतं. एकाकी आघात हातांच्या हालचालीसाठी, पायाच्या टोकाच्या ठोक्यासाठी किंवा शेवटच्या मुद्रेसाठी राखून ठेवा. तिथे अचूकता स्केटरच्या हातात असते.

शब्दांविषयी. आइस डान्समध्ये गायलेलं संगीत १९९७-९८ पासून चालतं, एकेरी आणि जोडीत २०१४-१५ पासून. परवानगी आहे म्हणून घ्यायलाच हवं असं नाही. शब्द हालचालीचा अर्थ ठरवून टाकतात. गाणं विरहाचं आणि स्केटर जंप बसल्याच्या आनंदात हसतेय, हे लगेच खटकतं. पूर्ण प्रोग्रॅमभर अखंड गाणं असेल तर पायांकडे लक्ष जात नाही. स्टेप सिक्वेन्सच्या वेळी गाण्यातला वाद्यांचा तुकडा आला तर फार बरं. परक्या भाषेतलं गाणं घेतलं तर त्याचा पूर्ण अर्थ लावून घ्या, फक्त ध्रुवपदाचा नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलीने प्रौढ प्रेमप्रसंगाच्या गाण्यावर अभिनय करणं मला अयोग्य वाटतं, आणि ते पाहणाऱ्यालाही अवघडवतं.

गाजलेल्या रचनांना नाही म्हणू नका, पण किंमत ओळखा. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये काटारिना विट आणि डेबी थॉमस या दोघींनीही फ्री स्केटसाठी ‘कारमेन’ घेतलं होतं. तेव्हापासून आजवर ते संगीत बर्फावर शेकडो वेळा वाजलं आहे. अशा रचनेवर उभं राहणारी प्रत्येक स्केटर आधीच्या सर्वांशी तोलली जाते. पहिल्या हंगामासाठी त्याच संगीतकाराची कमी वाजलेली रचना शोधणं शहाणपणाचं.

दुसऱ्या संस्कृतीचं संगीत घ्यायचं असेल तर आधी अभ्यास करा. २००९-१० च्या हंगामात आइस डान्सच्या ओरिजिनल डान्स या फेरीचा विषय लोकनृत्य होता. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी हिंदी चित्रपटगीतांवर नाच बसवला आणि त्यासाठी भारतीय नृत्य जाणणाऱ्या शिक्षिकेकडे शिकले; त्याचं कौतुक झालं. त्याच हंगामात रशियाच्या ओक्साना दोम्निना आणि माक्सिम शाबालिन यांनी ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या नावाने केलेल्या नाचावर, तिथल्या आदिवासी नेत्यांनी उघड आक्षेप घेतला. पोशाख आणि रंगरंगोटी करून संस्कृती साकारता येत नाही, आणि तिच्या मालकांना ते लगेच कळतं.

कापणं आणि जोडणं

सुरुवात चांगल्या मूळ ध्वनिमुद्रणापासून करा. विकत घेतलेली डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक फाइल हवी. व्हिडिओवरून उतरवलेला आवाज घरी बरा वाटतो, पण रिंकच्या मोठ्या स्पीकरवर झांजा आणि व्हायोलिन खरखरतात. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरतं. पहिलं काम म्हणजे पूर्ण रचनेवर खुणा करणं: प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा, प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात. खुणा नसताना केलेला काप जवळजवळ नेहमी अर्धी मात्रा चुकतो.

काप नेहमी समेवर. आधीचा भाग समेपर्यंत ऐकू येऊ द्या आणि नवा भाग समेपासून सुरू करा, म्हणजे पायाखालचा ठेका तुटत नाही. तालाच्या जागी जोड २० ते ६० मिलिसेकंदांचा पुरतो. लांब सुरांच्या जागी अर्ध्या ते दोन सेकंदांचा क्रॉसफेड (एक भाग विरत असताना दुसरा चढवणं) लागतो. तो तालाच्या जागी वापरला तर दोन ठेके एकमेकांवर चढून गोंधळ ऐकू येतो. जोड लपवायला झांजेचा आवाज, ढोलाचा घुमारा किंवा गायकाचा श्वास यांसारखी चांगली जागा नाही. दोन्ही भाग एकाच पट्टीत असावेत, किंवा मूळ रचनेत जी पट्टी पुढे येतेच ती.

एकाच रचनेची दोन वेगळी ध्वनिमुद्रणं जोडताना एक न दिसणारा खड्डा असतो. एक वाद्यवृंद ४४० हर्ट्झवर लावलेला असतो, दुसरा ४४२ वर. फरक आठ सेंटच्या आसपास, म्हणजे अर्ध्या सुराच्या बाराव्या हिश्श्याइतका. वेगळा ऐकला तर कळत नाही, पण जोडाच्या क्षणी कान चमकतो आणि काय खटकलं ते सांगता येत नाही. एका भागाची पट्टी सॉफ्टवेअरमध्ये तेवढी हलवली की जोड बसतो. लय बदलायची असेल तर पट्टी न बदलता तीन टक्क्यांपर्यंत निर्धास्त बदला. पाचाच्या पुढे गेलं की आवाज पाणचट होतो, गायकाचा तर विशेषच.

किती काप? शॉर्टमध्ये एक किंवा दोन, फ्रीमध्ये तीन-चार. यापेक्षा जास्त लागत असतील तर रचना चुकीची निवडली आहे. तीन वेगळ्या चित्रपटांचं संगीत एकापुढे एक लावलं की प्रोग्रॅमला सूत्र राहत नाही, आणि दर कापाला स्केटरचा चेहरा कोरा होतो.

शेवट विरत जाणारा नको. ठळक अंतिम सूर, आणि त्याचा घुमारा सेकंदभरात संपवा. मूळ गाणं विरत संपत असेल तर मधल्या एखाद्या परिच्छेदाचा पूर्ण झालेला शेवट आणून तिथे जोडा. सुरुवातीलाही तेच: पहिला सूर फार हळू उगवत असेल तर रिंकच्या मध्यावर उभ्या असलेल्या स्केटरला संगीत सुरू झाल्याचंच कळत नाही. एक सेकंद शांतता आणि मग स्पष्ट पहिला सूर.

मोठ्या सभागृहातला आवाज

हेडफोनवर सुंदर वाटलेलं संगीत रिंकमध्ये निराळंच ऐकू येतं. बर्फ, काच आणि उंच छत यांच्यामुळे आवाज घुमतो. जलद, दाट सुरावटी एकमेकांत मिसळतात, खालचे सूर गडगडतात, आणि हळुवार भाग प्रेक्षकांच्या आवाजात बुडतो. म्हणून तयार फाइलमध्ये साठ-सत्तर हर्ट्झच्या खालचे सूर थोडे उतरवा. अतिशय हळुवार आणि सर्वांत मोठा भाग यांतलं अंतर दहा-बारा डेसिबलच्या आत आणा, पण सगळं सपाट करू नका, नाहीतर ज्या चढ-उतारासाठी रचना निवडली तेच नाहीसं होतं. सर्वांत उंच टोक शून्याच्या एक डेसिबल खाली ठेवा. मग फाइल मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐका. बऱ्याच रिंकांत आवाज तसाच वाजतो, आणि काही ध्वनिमुद्रणांत मोनो केल्यावर गायकाचा आवाज किंवा मुख्य वाद्य जवळजवळ गायब होतं. शेवटी रिंकमध्ये दोन जागी उभं राहून ऐका: बर्फाच्या मध्यावर आणि जज बसतात त्या लांब बाजूला.

हक्क, फाइल आणि स्पर्धेचा दिवस

जुन्या संगीतकाराची रचना मुक्त असली तरी तिचं ध्वनिमुद्रण मुक्त नसतं. शोपँ १८४९ साली वारला, त्याच्या रचना कुणीही वाजवू शकतो, पण एखाद्या पियानोवादकाच्या वादनावर त्याचे आणि ध्वनिमुद्रण कंपनीचे हक्क असतात. दरमहा पैसे भरून गाणी ऐकण्याच्या सेवेतून ते कापून जाहीरपणे वाजवायचा हक्क मिळत नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एका अमेरिकन जोडीने वापरलेल्या लोकगीताच्या नव्या आवृत्तीवरून खटला झाला, आणि २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकच्या तोंडावर एका स्पॅनिश स्केटरच्या संगीताची परवानगी अडकली होती. ज्युनियर पातळीवर एवढं क्वचित घडतं, पण व्हिडिओ ऑनलाइन टाकताच आवाज बंद होणं रोजचं आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा: रचनेचं नाव, संगीतकार, वादक किंवा गायक, ध्वनिमुद्रण, कुठून घेतलं. प्रवेशपत्रातही हीच माहिती विचारतात.

अंतिम फाइल आयोजकांनी सांगितलेल्या प्रकारात द्यावी, बहुधा एमपी३, ४४.१ किलोहर्ट्झ, शक्य तितक्या उंच दर्जाची. नावात स्केटर, गट आणि प्रोग्रॅम, तिन्ही हवेत. शॉर्टच्या जागी फ्रीचं संगीत वाजायचं सर्वांत साधं कारण चुकीचं फाइलनाव हेच असतं. चढवल्यानंतर तीच फाइल उतरवून शेवटपर्यंत ऐका. दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर बरोबर ठेवा, आणि त्यातली एक फोनवर असेल तर फोन फ्लाइट मोडवर. चुकीचं, फार हळू किंवा वेगळ्या लयीचं संगीत वाजलं तर काही सेकंदांतच रेफरीकडे जाऊन सांगायचं असतं, हे मुलीला आधी सरावात करून दाखवा. लहान स्केटर घाबरून तसंच पुढे रेटतात.

आइस डान्सचं गणित वेगळं आहे. तिथे ताल नियमाने बंधनकारक आहे आणि ऱ्हिदम डान्स या पहिल्या फेरीचा विषय दर हंगामाला आयएसयू ठरवते: २०२३-२४ ला १९८० चं दशक, २०२५-२६ ला १९९० चं. ठरलेल्या नाचांच्या लयी तर मोजूनच दिलेल्या असतात. स्टारलाइट वॉल्ट्झ मिनिटाला १७४ ठोके, अर्जेंटाइन टँगो ९६, पासो दोब्ले ११२. तिथे मेट्रोनोम लावून तपासल्याशिवाय संगीत कापायला घेऊच नये.

वेळापत्रकाचं म्हणाल तर, आयएसयूचा हंगाम १ जुलैला सुरू होतो. एप्रिलमध्ये ऐकणं आणि चाचण्या, मेच्या पहिल्या आठवड्यात कच्चा काप, महिनाअखेर नृत्यरचना, जूनमध्ये पूर्ण प्रोग्रॅमचे सराव. कच्च्या कापावर निदान तीन आठवडे पूर्ण सराव झाल्याशिवाय फाइल अंतिम करू नका, कारण कुठे दोन सेकंद हवेत आणि कुठे जास्त आहेत ते तेव्हाच कळतं. या तीन आठवड्यांत दर पूर्ण सरावात तीच जागा उशिरा पोहोचत असेल, तर मुलीला घाई करायला सांगण्याआधी त्या जागी चार मात्रा वाढवता येतात का ते बघा.